तक्त्यात नावाडी कुठे बसवायचा?

१. गाढव = प्रभू ज्याच्यावर बसून यरुशलेमात आला ते

"हे गाढव बोलतं," भिंगारदिवे सर म्हणाले. "पान अकरावर. प्रभूचं गाढव कधी बोललं?"

"शास्त्रात बलामाचं बोललं होतं, सर."

"ते वेगळं."

"हो सर."

"म्हणजे तू दोन गाढवांचं एक केलंस."

पंचांतल्या ओहोळबाई पदरात हसल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मी पंधरा वर्षांची होते. नगरला आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, रविवारची उपासना संपल्यावर, लांब टेबलापलीकडे पाळकसाहेब आणि पाच पंच बसले होते आणि अलीकडे मी उभी होते. टेबलावर दोन वस्तू होत्या. एक म्हणजे कादंबरी, 'बारा बरण्यांचं शहर'. तिच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांची चेटकीण. दुसरी, मी कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला तक्ता. डावीकडे 'पुस्तकात', उजवीकडे 'शास्त्रात', म्हणजे बायबलात, मधे लाल रेघ.

तो तक्ता आजही माझ्याकडे आहे. एका कोपऱ्यावर त्याचा रंग उडालाय, त्याचं कारण शेवटी येईल. ही गोष्ट मी त्याच्या ओळींप्रमाणेच सांगणार आहे. ओळी चुकीच्या आहेत, पण माझ्याकडे त्याच आहेत.

२. बारा बरण्या = बारा प्रेषित

पुस्तक मीच कपाटात ठेवलं होतं. शाळेत निबंधाला मिळालेलं बक्षीस. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात होतं, किल्ली माझ्या गळ्यात असायची, आणि मी ती मुद्दाम फ्रॉकच्या बाहेर ठेवायचे.

कादंबरीत एक शहर आहे. तिथे खारवती नावाची चेटकीण लोकांचे आवाज काढून घेते आणि बारा बरण्यांत मिठात मुरवून ठेवते. निरी नावाची मुलगी, एक बोलकं गाढव आणि एक नावाडी ते आवाज सोडवायला निघतात. कपाटातल्या बाकी पुस्तकांना हात लावणारी मुलं वर्षाला चार. हे पुस्तक तीन महिन्यांत सतरा जणांनी नेलं. सतरा सह्या वहीत होत्या.

मग एका रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश लांबला. चाळीस मिनिटं झाली. मुलांच्या बाकावरून हळू आवाजात सुरू झालं:

"खार खार, तोंडाला दार. खार खार, तोंडाला दार."

हा खारवतीचा मंत्र. आवाज बंद करायचा. सुरुवात केली ओहोळबाईंच्या नातवाने, आणि गंमत म्हणजे पाळकसाहेबांना त्याच क्षणी ठसका लागला. पाणी आणेपर्यंत उपदेश संपला. मुलांचा त्या पुस्तकावरचा विश्वास दुप्पट झाला.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांची सभा बसली. भिंगारदिवे सर चिटणीस. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, नाव शांतवन. पण त्यांच्यासमोर कुणाला शांत वाटल्याचं मी ऐकलं नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "चेटूक मंडळीच्या कपाटात राहणार नाही. पुस्तक जाळायचं आणि किल्ली द्यायची. पण वचन शोधण्याच्या स्पर्धेत तू तीन वर्षं पहिली आहेस. एक आठवडा देतो. या पुस्तकात शास्त्राचं काही आहे हे दाखव. दाखवलंस तर राहील."

तीन नव्हे, चार वर्षं. मी दुरुस्त केलं नाही, पण मनात म्हटलं.

ती स्पर्धा कशी असते ते सांगते. सगळी मुलं शास्त्र मिटून काखेत धरतात. सर अध्याय आणि ओवी पुकारतात. जो आधी त्या वचनावर बोट ठेवेल तो जिंकला. वाचायचंसुद्धा नसतं, बोट ठेवायचं. माझं बोट जिल्ह्यात पहिलं होतं.

मी कादंबरीवरही तसंच बोट ठेवत गेले.

३. खारवती = सैतान

ही ओळ सगळ्यात सोपी होती म्हणून तिच्याविषयी काही सांगण्यासारखं नाही. तिच्या जागी आईविषयी सांगते.

माझी आई, मार्था वैरागर, मंडळीची बायबलबाई होती. म्हणजे खांद्याला पिशवी अडकवून खेड्यापाड्यांत जायचं, ओट्यावर, विहिरीपाशी बायका जमवायच्या आणि त्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. पिशवीत कापडी फळ्यावर चिकटवायची चित्रं. शिक्षण चौथी. वाचताना ओळीखाली बोट धरायची आणि ओठ हलवायची. तिची नेमणूक दर वर्षी हेच पंच करायचे, आणि दर वर्षी सर विचारायचे, "जरा शिकलेली कुणी मिळत नाही का?"

त्या आठवड्यात मी जमिनीवर तक्ता पसरून बसले होते. आई डाळ निवडत होती.

"काय गं हे एवढं?"

"पुस्तकातलं आणि शास्त्रातलं जुळवतेय."

"आन् जुळतंय?"

"सगळं जुळतंय! बघ, गाढव, बारा, नदी, मीठ…"

तिने थोडा वेळ तक्त्याकडे पाहिलं. "पोरी, गोष्ट कुठंय पण याच्यात?"

"आई, हे तुला नाही कळायचं."

तिने डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दे बरं मला ते पुस्तक. तू झोपलीस की मी बघीन."

"बारीक अक्षर आहे."

"आसू दे. माझं बोट काय मोठंय का?"

रविवारी आम्ही पायी निघालो तेव्हा चर्चच्या फाटकापाशी मी तिला म्हटलं, "आई, तू मागे बस. आणि काही बोलू नकोस हं."

हे मी म्हटलं होतं. ते इथे लिहून ठेवायलाच हवं.

४. मीठ = ~~जगाचे मीठ~~ ~~लोटाची बायको~~

"प्रभूने आपल्याला जगाचं मीठ म्हटलं," भिंगारदिवे सर म्हणाले. "आणि इथे मीठ कुणाकडे आहे? चेटकिणीकडे. म्हणजे चेटकीण ख्रिस्ती?"

"नाही सर. म्हणून मी ते खोडलं. मग लोटाची बायको लिहिली. तिचा मिठाचा खांब झाला होता."

"मग तीही का खोडलीस?"

"तिचा आवाज कुणी घेतला नव्हता."

"हं." सरांनी तक्त्यावर पेन्सिल आपटली. "बारा बरण्या म्हणजे प्रेषित. पण बरण्यांत काय? चोरलेले आवाज. आणि शेवटी निरी बरण्यांचं काय करते?"

"फोडते, सर."

"प्रेषितांना फोडते."

आता पाळकसाहेबही हसले. पंचांतले दोघे तर उघडउघड. माझे कान तापले. तरी मी हार मानली नव्हती. चार वर्षं पहिली आलेली मुलगी होते मी. खोलीच्या मागच्या बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बघत नव्हते.

५. नावाडी = ~~बाप्तिस्मा करणारा योहान~~ ~~यहूदा~~

"हा दोनदा खोडलाय," सर म्हणाले. "आणि पुढे रिकामं. नावाडी कोण?"

"तो बसत नाही, सर."

"बसत नाही म्हणजे?"

"आधी तो नदीवर भेटतो, वाट दाखवतो. म्हणून योहान लिहिला. मग तो निरीला चेटकिणीच्या हवाली करतो. म्हणून यहूदा."

"ठीक आहे की. यहूदा राहू दे."

"नाही सर. कारण पुढे हा परत येतो. यहूदा परत आला नाही."

मला वाटलं, आता ते मला शाबासकी देतील. सरांनी तक्ता माझ्याकडे सरकवला.

"म्हणजे तूच कबूल केलंस. पुस्तक शास्त्रात बसत नाही. किल्ली ठेव."

मी गळ्यातली दोरी काढली. ती वेणीत अडकली. मी ओढत होते, ती निघत नव्हती, आणि डोळ्यांतलं पाणी आवरायला हात मोकळा नव्हता.

"सर," मागून आवाज आला. "मी सांगू का?"

"मार्थाबाई, तुम्ही काय सांगणार? तुम्ही वाचलंय?"

"वाचलं की. बोट धरून."

"आई," मी म्हणाले. दातांतून.

"वचन सांगणार आहात का?" सरांनी विचारलं.

"वचनं तिला येतात. मला गोष्ट येते."

पाळकसाहेब म्हणाले, "सांगू द्या. पाच मिनिटं."

६. (या ओळीला तक्त्यात जागा नव्हती)

आई टेबलासमोर आली आणि खाली फरशीवर बसली. मांडी घालून, पिशवी बाजूला ठेवून.

"खुर्ची घ्या, मार्थाबाई."

"नको सर. खुर्चीत गोष्ट येत न्हाई मला. जमिनीतून येती ती."

ती टेबलाच्या आड गेली. पंचांना तिचा फक्त भांग दिसत होता. एकेक जण पुढे झुकला. मग ओहोळबाई "माझं मेलं गुडघं" म्हणत उठल्या आणि सरळ तिच्यासमोर फरशीवर जाऊन बसल्या.

"एक शहर होतं," आई म्हणाली. "आपल्या नगरासारखंच. वेशी, बाजार, सोमवारी गुरांची गर्दी. पर आवाज न्हाई. बाई पोराला हाक मारायला तोंड उघडती, तर आतून नुसता वारा येतोय. पोरगं विहिरीकडं चाललंय, आई बघतीय, वरडतीय, आन् वारा."

ओहोळबाईंनी हात तोंडावर ठेवला. ही विहीर पुस्तकात नव्हती.

"आवाज कुठं गेले? तर खारवतीच्या माळ्यावर. बारा बरण्या. आपल्या लोणच्याच्या आसत्यात तशाच, पांढऱ्या, वर पिवळी टोपी. रात्री कान लावला तर आतून पोरं रडायची."

तिने गाढव घेतलं, नदी घेतली. नावाड्याला घेतलं, आणि त्याचं वर्णन असं केलं की मला तो पहिल्यांदा दिसला. "वाईट न्हवता वो तो. त्याचापन आवाज गेला व्हता. घरी लेक व्हती, तिला अंगाई म्हनायची व्हती. खारवती म्हनली, पोरगी कुठं लपलीय ते दाव, तुझा तुला देते. त्यानं बोट दावलं. एवढंच. बोट."

मी माझ्या बोटाकडे बघितलं.

"निरीला धरून आनली. निरी म्हनती, समद्यांचं आवाज सोड, माझा घे. खारवती हसती. म्हनती, बारा बरण्या भरून दिऊ, आन् तू एक देनार? निरी म्हनती, माझ्याकडं एकच हाय. पर तो कुनी मागितलेला न्हाई. मी देतीय. आन् दिलेला आवाज मिठात मुरत न्हाई, बाई. तू मिठात घालून बघ."

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. घड्याळ भिंतीवर होतं आणि कुणी भिंतीकडे बघत नव्हतं.

"बरण्या तडकल्या. आवाज सुटले. शहरात आसा गलका झाला म्हनता, भांडनंसुदिक गोड लागली लोकांना. आन् निरी? तिला इचारत्यात, पोरी, कुनी धरून दिलं तुला? कुनी केलं हे? त्याला आनतो, बरणीत घालतो. ती उभी. बोलनार कशी? आवाज तर दिलेला."

आई थांबली. श्वास घ्यायला.

"मेंढरू," भिंगारदिवे सर म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ते आमच्याशी बोलत नव्हते. पेन्सिल खाली ठेवलेली. "लोकर कातरणाऱ्यापुढं मेंढरू गप्प उभं राहतं तशी," ते हळू म्हणाले, आणि घसा खाकरला. "पुढे."

शास्त्रात प्रभूविषयी लिहिलेलं कातरणाऱ्यापुढचं ते मुकं मेंढरू. माझ्या तक्त्यात ते कुठेच नव्हतं. ज्या ओळीवर माझं बोट डोळे मिटून पडायचं, तीच ओळ. चेटकीण, गाढव, बारा, मीठ, सगळं मी मोजलं होतं, आणि मुलगी मुकी झाली हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुढं," आई म्हणाली, "शहराचं दार. त्याची किल्ली लोकांनी निरीला दिली, मानानं. आन् एका सकाळी दाराभायेर नावाडी येऊन उभा. बघा आता. त्याच्याकडं आवाज हाय, पर बोलायला तोंड न्हाई. तिच्याकडं तोंड हाय, पर आवाज न्हाई. मधी दार. मागं समदं शहर वरडतंय, उघडू नगं! उघडू नगं! निरीनं किल्ली हातात घेतली…"

आईने दोन्ही हात वर केले, किल्ली धरल्यासारखे. आणि खाली मांडीवर ठेवले.

खोलीत पंखा फिरत होता.

"मग?" सर म्हणाले.

"मग काय, सर. म्होरलं पुस्तकात हाय."

"उघडलं का तिने दार?"

"पुस्तक तुमच्याम्होरं हाय," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "जाळायचं आसंल तर जाळा."

७. पंचांच्या नोंदवहीतून

सरांचं अक्षर मोठं सुरेख. ते बोलत बोलत लिहीत होते:

'उपस्थित: पाळकसाहेब, पंच पाच. तसेच कु. सुवार्ता वैरागर व तिची आई. चर्चेअंती ठरले की सदर पुस्तकाविषयीचा निर्णय पुढील सभेपर्यंत राखून ठेवावा. पुस्तक अधिक तपासणीसाठी चिटणीसांकडे राहील. मुलांनी उपासनेत मंत्र म्हणू नये. उपदेश तीस मिनिटांचा असावा, ही सूचना श्रीमती ओहोळ यांची.'

"मंजूर?" सरांनी विचारलं.

"सर," मी म्हणाले. किल्ली अजून वेणीत लोंबत होती. "आईचं नाव लिहा."

"काय?"

"'तिची आई' लिहिलंय तुम्ही. नाव लिहा. आणि तिने काय केलं तेही."

आईने मागून माझा फ्रॉक ओढला. सर माझ्याकडे बघत राहिले. शाळेत या नजरेने पोरं वर्गाबाहेर जायची. मी गेले नाही. त्या खोलीत मी चार वर्षं बक्षिसं घेतली होती. पण मान इतकी ताठ कधी झाली नव्हती, आणि या वेळी त्यात माझी कमाई काहीच नव्हती.

सरांनी पेन उघडलं. 'तिची आई' वर रेघ मारली. वर लिहिलं: 'मार्थाबाई वैरागर, बायबलबाई. यांनी गोष्ट सांगितली. सर्वांनी ऐकली.'

ती नोंदवही मी तीन वर्षांपूर्वी पुन्हा पाहिली, आई गेल्यावर. शाई तपकिरी झालीय. रेघ सरळ आहे.

पुस्तक पुढच्या रविवारी कपाटात परत आलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, चेटकीण आत. कुणी काही बोललं नाही. पण नेणाऱ्यांच्या वहीत सतरा सह्यांखाली अठरावी होती. सुरेख, मोठी. शां. भिंगारदिवे.

आणि पुढे जोवर आई काम करत होती तोवर 'शिकलेली कुणी' हा विषय सभेत निघाला नाही.

८. नावाडी =

हे पुस्तक कपाटात परत येण्याआधी घडलं, सभेच्या त्याच दुपारी. पण तक्त्यात शेवटी रिकामी जागा हीच आहे.

आम्ही घरी निघालो. ऊन फार होतं. मी तक्त्याची गुंडाळी काखेत धरली होती आणि आईच्या दोन पावलं पुढे चालत होते, कारण तिच्या शेजारी चालताना काय बोलायचं ते सुचत नव्हतं. फाटकापाशी तिला गप्प बसायला सांगणारी मीच होते.

शेवटी म्हणाले, "आई, कसलं भारी थांबलीस तू! ऐन दारात! सरांचं तोंड बघितलंस?"

तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुला माहीत होतं ना, तिथे थांबलं की ते पुस्तक जाळूच शकणार नाहीत?"

"सुवार्ता."

"काय?"

"उघडलं का गं तिनं?"

मी थांबले. वळून बघितलं. चेष्टा करतेय असं वाटलं. ती करत नव्हती.

"तू… वाचलं नाहीस?"

"तिथवरच वाचून झालं व्हतं. सकाळी किल्लीपाशी आले न् तू म्हनलीस चल, उशीर व्हतोय."

"मग पंचांपुढे तू…"

"जेवढं ठाव व्हतं तेवढं सांगितलं. त्याच्याम्होरं खोटं कशापायी सांगू? गप बसले." तिने पदराने मान पुसली. "आन् आता पुस्तक नेलं सरांनी. आठ दिस मी काय करू? त्या बिचाऱ्याला दारात उभा ठिवून मला भाकर जायची न्हाई."

मी हसायला लागले. इतकी हसले की रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसावं लागलं. ती रागावली.

"हसू नगं. सांग."

"अगं, ती दार…"

"आसं न्हाई." ती माझ्या शेजारी येऊन बसली, मग विचार बदलून कठड्यावरून उतरली आणि खाली मातीत मांडी घातली. समोरची जमीन थोपटली. "हितं बस. नीट सांग. ती किल्ली हातात घेती तिथनं. मागं शहर वरडतंय."

मी तिच्यासमोर मातीत बसले. फ्रॉक रविवारचा होता. सावली कुठे नव्हती. आईने माझ्या काखेतली गुंडाळी ओढून घेतली, उलगडली, आणि गाढव, बरण्या, मीठ यांच्यासकट तो तक्ता दोघींच्या डोक्यावर धरला. तिचा घामेजला अंगठा ज्या कोपऱ्यावर होता तिथली शाई तेव्हाच उतरली.

"हां," आई म्हणाली. "आता उघड ते दार."